बांधलेले हात

न्युमोनियानं रत्नपाल मरता मरता वाचला. नांदेडच्या एका दवाखान्यात आयसीयूत होता. आखाडा बाळापूरला घरी येऊन महिना झाला, तरी बायकोशी, मिनाशी, धड बोलत नव्हता. डोळा लागला की ओरडत उठायचा. मिनाला वाटायचं, अंगात ताकद आली की होईल बराबर.

एक दिवस त्याचा थोरला भाऊ पुंजाजी विहारातून परित्राणाचा, रक्षणासाठी बांधतात तो, धागा घेऊन आला. मनगटाला बांधायला गेला, तसं रत्नपालनं त्याला ढकलून दिलं.

"बांधू नका मला! हिनंच बांधायला लावलं व्हतं. दारात उभी राहून पाहत व्हती!"

पुंजाजी कपडे झटकत उठला. "मिना, याचं डोकं फिरलंय."

"न्हाई फिरलं!" मिना एवढ्या जोरात ओरडली की शेजारीण दारात आली. "खरंच बांधलं व्हतं त्याला दवाखान्यात. श्वासाची नळी उपसून काढत व्हता म्हणून!"

दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन नांदेडच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरांपुढं उभी राहिली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आयसीयूतून गेलेल्या पुष्कळांना असं होतं. भास आणि खरं यांची गल्लत होते. उपचार आहेत."

"पुष्कळांना होतं, तर सुट्टी देताना काहून न्हाई सांगितलं?" मिनाचा आवाज चिरकला. "माझ्याच घरात मी गुन्हेगार झाले! दाखवा त्याला ती जागा."

डॉक्टर वरमले. दोघांना आत घेऊन गेले. रत्नपालच्या खाटेवर आता एक म्हातारा होता. तोंडात नळी, हात कठड्याला बांधलेले. पट्टीला हिसके देत होता. रत्नपाल दाराकडं मागं सरकला. आता हा पळणार, असं मिनाला वाटलं. पण तो नर्सवर खेकसला, "त्याला सांगा ना, काहून बांधलंय ते! त्याला वाटून राहिलं, मारायला आणलंय!"

नर्स गडबडली. मग म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून सांगू लागली.

बसस्टँडवर रत्नपालनं विचारलं, "तू सांगितलं व्हतंस मला?"

"रोज."

"मला न्हाई ऐकू आलं."

मिनाला रडू यायचं सोडून संतापच आला. "मग आता ऐक," म्हणाली, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली. तो मधेच "खोटं" म्हणाला, ती त्याच्यावर ओरडली. गावावरून जाणारी कळमनुरीची बस लागली, सुटली. दोघंही उठले नाहीत.