भिंतीवरचं पेपर कटिंग

माझा नवरा शिंपी आहे, आणि कुठलीही वस्तू आधी कागदावर कापून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लेकीनं फोनवर सांगितलं, बाबांसाठी मी मोठा पडदा घेऊन देते, टीव्ही आणा नाहीतर प्रोजेक्टर, दोघं मिळून ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी खाकी कागद जोडून जोडून पंच्याऐंशी इंच रुंद पेपर कटिंग केलं आणि हॉलच्या भिंतीला टाचण्यांनी लावूनही टाकलं.

लेकीचं म्हणणं होतं, बाबा थकलेत, संध्याकाळी जरा आरामात बसू देत. थकले होते हे खरंच. तीन महिन्यांत तीन कोट परत आले होते. एकाचा डावा खिसा खाली उतरला होता, दुसऱ्याची डावी बाही आखूड, तिसऱ्याचा डावा खांदाच बसत नव्हता. तीस वर्षांत ज्या माणसानं आपल्या कटिंगवर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, त्याचे तीन कोट! एका हॉटेलचे गणवेश आमच्याकडे शिवायला येतात, त्यातलेच ते कोट. तिथला मॅनेजर स्वतः येऊन सांगून गेला, मास्तर, पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरा शिंपी बघावा लागेल. त्या दिवशी हे जेवले नाहीत. कापड आकसलं, गिऱ्हाईकच वाकडं उभं राहिलं, अशी कारणं ते देत राहिले, आणि मी मनातून पार धास्तावले. कात्री हातातून गेली तर या माणसाचं काय उरणार, हाच घोर मला लागला होता.

त्यात स्वभावही चिडका झालेला. आमच्या शिलाईच्या दुकानात तीस वर्षं माझं मशीन त्यांच्या कटिंग टेबलाच्या डावीकडे, खिडकीशी होतं. या वर्षी एक दिवस हे उठले आणि मशीन उजवीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तिथे धड उजेड नाही, दोरा ओवायला मला दारात जावं लागतं. कारण विचारलं तर म्हणाले, तिकडे बरं. मी चार दिवस अबोला धरला. मशीन काही परत हललं नाही.

तर ते पेपर कटिंग. मी चहा घेऊन आले आणि बघते तर कागद चक्क उजव्या बाजूला सरकलेला. मी म्हटलं, हे मधोमध नाही. ते म्हणाले, अगदी मधोमध आहे. मी म्हटलं, टेप लावून बघा.

"टेप कापडाला," ते म्हणाले. "भिंतीला मास्तरचा डोळा पुरे."

मी कपाळाला हात लावला. मला मुळात तो टीव्ही नकोच होता. एवढं काळं धूड चोवीस तास भिंतीवर कोण बघणार? प्रोजेक्टर कसा, लावला की सगळी भिंत भरते आणि बंद केला की भिंत आपली भिंत. ह्यांचं म्हणणं, प्रोजेक्टरला पडदे ओढून अंधार करावा लागतो आणि अंधारात बसायची मला हौस नाही. दुपारी टीव्हीच्या दुकानात जाईपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

दुकानातली मुलगी गोड होती. काका-काकू करत तिनं आम्हाला सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर बसवलं. ह्यांनी खिशातून टेप काढला, रुंदी मोजली आणि म्हणाले, हा पंच्याऐंशी नाही, चौऱ्याहत्तर आहे, लेबल खोटं लावलंय. मुलीनं समजावलं, काका, टीव्हीचं माप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घेतात, तिरकं. ह्यांना ते पटेना. तिरकं माप कोण घेतं? आमच्यात तिरकं म्हणजे उरेब पट्टी, गळ्याला लावतात ती, बाकी सगळं सरळ. मुलगी मनापासून हसली, मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

मग तिनं टीव्ही लावला. झाडं, पक्षी, निळं पाणी, मला तर गार वाटलं. हे म्हणाले, डावीकडची कड काळी पडलीय. मुलीनं वाकून बघितलं. तिला काही दिसेना, मलाही दिसेना. तिनं चित्र बदलून नुसता पांढरा पडदा लावला. हे म्हणाले, बघ, डावीकडे नाहीच काही. तिनं शेजारचा दुसरा टीव्ही लावला. त्याचीही डावी कड ह्यांना काळी.

मला लाज वाटायला लागली. मी जवळ जाऊन हळूच, पण चांगलं लागेल असं बोलले. म्हटलं, गिऱ्हाईकं तुम्हाला छळतात, त्याचा राग या पोरीवर काढताय का? मी हे बोलले, ते आजही मला सलतं.

प्रोजेक्टर दाखवायला मुलीनं आम्हाला आतल्या छोट्या खोलीत नेलं. पडदे ओढले, मशीन लावलं, समोरची भिंत पांढऱ्या उजेडानं भरून गेली. मला वाटलं, आता तरी पटेल. हे खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि म्हणाले, ह्याचीही डावी बाजू गेलीय.

मुलगी भिंतीपाशी गेली, उजेडाच्या डाव्या टोकाला उभी राहिली आणि तिनं विचारलं, काका, मी दिसते का?

"कुठे आहेस?" ते म्हणाले.

ती त्यांच्या समोर, भर उजेडात उभी होती. तिच्या कानातले डूलसुद्धा मला दिसत होते. ती परत आली, त्यांच्या शेजारी वाकली आणि म्हणाली, काका, उजव्या डोळ्यावर हात ठेवता का जरा? माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. ह्यांनी हात ठेवला.

"मशीन कशाला बंद केलंस, बाळ?"

मशीन चालू होतं. त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, उघड्या डाव्या डोळ्यावर पडला होता, आणि ते अंधारात बघावं तसं बघत होते. या माणसाबरोबर मी रोज एका टेबलाशी काम करते, एका घरात राहते, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मला दारातून दिसतं. एक डोळा विझला ते मला कळलं नाही? मी भिंतीला धरून उभी राहिले. मुलीनं मला पाणी दिलं. ह्यांनी हात खाली घेतला, पुन्हा डोळ्यावर ठेवला, पुन्हा खाली घेतला. असं चार-पाच वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना हे मलाच धीर देत होते. मोतीबिंदू असेल, म्हणाले, पिकला असेल, काढून टाकतील, हल्ली अर्ध्या तासाचं काम आहे. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. मला वाटलं, बिंदू तो बिंदूच, काढतील. त्या म्हणाल्या, ह्यात गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्याचीही डावी कड जायला लागली आहे. उरलं आहे ते थेंब घालून जपायचं, रोज, न चुकता.

ह्यांनी एकच विचारलं. कात्री?

चालवता येईल, त्या म्हणाल्या, भरपूर उजेड घ्या आणि दरवेळी मान डावीकडे वळवून बघा. ह्यांनी मान हलवली. ती थोडी डावीकडे वळवूनच हलवली, लगेच शिकल्यासारखी. माझे डोळे भरून आले.

घरी आलो तर भिंतीवर ते पेपर कटिंग तसंच होतं, उजवीकडे सरकलेलं. मी टेप आणला आणि मुकाट्यानं मोजलं. सात इंच चुकलं होतं. हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, डावीकडून दुमडत ये, मी सांगेन तिथे थांब. मी दुमडत गेले. एक घडी, दुसरी, तिसरी. प्रत्येक घडीला मी विचारायची, कड दिसते? ते म्हणायचे, नाही. पाचव्या घडीला म्हणाले, आता दिसते, टाचणी मार. राहिलेला कागद बघून मला रडू आवरेना. आमच्या जुन्या टीव्हीपेक्षा तो जेमतेम वीतभर जास्त रुंद होता.

"लेकीला हेच माप कळव," ते म्हणाले. "आणि सांग, तिरकं मोजायचं असतं."

त्यांना हसवायचं होतं मला. मी डोळे पुसले आणि जेवायचं बघायला उठले, ती सवयीनं त्यांच्या डाव्या बाजूनं निघाले.

"थांब. कुठे गेलीस?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. म्हटलं, इथेच आहे की.

ते मान वळवून मला शोधत राहिले, मी सापडले तेव्हा कुठे त्यांची मान थांबली. मग म्हणाले, "आपल्या दुकानात असंच व्हायचं. मशीनचा आवाज यायचा आणि तू नसायचीस. उजवीकडे बसवली, मग दिसायला लागलीस."

मी परत फिरले आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले.