बिनलग्नाचं तळं

माझा भाऊ पुष्कर आईला फ्रान्स विकत होता, आणि मी रायपुरात बसून ते फोनवर बघत होते.

आई तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे, त्याची बायको क्लेर आणि पोरांकडे गेली होती. पितृपक्षाआधी परतायचं ठरलं होतं. पण पुष्करच्या मनात तिला कायमचं ठेवून घ्यायचं होतं. तसं तो तोंडाने बोलत नव्हता, गाव दाखवत होता. दर रविवारी व्हिडिओ कॉल. तिथे सकाळ, इथे दुपार. मी रायपूरला लागून असलेल्या बीरगावच्या आमच्या घरात पंख्याखाली, आणि तो फोन पुढे धरून चाललेला. मागून आई, साडीखाली बूट घालून.

आल्प्सच्या पायथ्याचं, तळ्याकाठचं गाव. त्याचं नाव मला नीट म्हणता येत नाही. म्हटलं की पुष्कर हसतो, म्हणून मी सोडून दिलं.

"ताई, हा किल्ला बघ. नऊशे वर्षांचा. अजून छप्पर शाबूत आहे."

"तुह्या बापाचा आहे का?" मी विचारलं.

मागून आई हसली. "बापाचा नाही पोट्टे, पण बापाच्या कामाचं एक हाय इथं. दाखव रे तिले."

मग त्याने सायकलींचा रस्ता दाखवला. तळ्याच्या कडेकडेने जाणारा, गुळगुळीत, झाडांखालून. पूर्वी तिथे रेल्वे होती. गाडी बंद पडली तेव्हा रूळ उचलले आणि त्याच पट्टीवर लोकांना चालायला जागा करून दिली. आमचे बाबा, नरहरराव, रेल्वेत होते. हे ऐकून ते आधी रूळ उपटले म्हणून चिडले असते आणि मग रोज सकाळी त्यावरून चालले असते.

मला राग येत होता. खोटं कशाला बोलू? तिथली जुनी पाणचक्की फिरत होती. बायका शंभर वर्षांपूर्वी जिथे कपडे धूत, त्या दगडी हौदावर छप्पर होतं, पाटी होती, कुंड्या होत्या. वेतासारख्या उंच गवताच्या दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट काढली होती, पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून. आणि आमच्याकडे? आमच्या पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, तलाव अर्धा बुजवला आणि वर लॉन काढलं लग्नाचं. तिथे डीजे वाजतो. उरलेल्या अर्ध्यात त्या लॉनच्या पत्रावळी तरंगतात. घराच्या गच्चीवर कारखान्यांची काळी धूळ बसते. सकाळी झाडली तरी दुपारी पायाचे ठसे उमटतात. आई इथे खोकते. तिथे खोकत नव्हती. हे मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच राग जास्त होता. बाई चालू शकेल असा एक रस्ता आपल्याला देता येत नाही, आणि मग मुलं आईबापांना उचलून नेतात तेव्हा आपण संस्काराच्या गप्पा मारतो.

तरी मला आई परत हवी होती. एकटीचा स्वयंपाक करून बघा, मग मला शहाणपण शिकवा.

एका रविवारी पुष्करने बोलून टाकलं. "आई, राहून जा ना. कागद मी करतो. बाबांचं श्राद्ध इथेच करू. तळं आहे की समोर."

आईने तळ्याकडे पाहिलं. आणि तिने विचारलं, "याचं लग्न झालं हाय का?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. छत्तीसगडात नवा तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. मधोमध सरईच्या, म्हणजे सालाच्या, लाकडाचा खांब रोवतात, हळद लावतात, पंगत बसते. लग्न लागत नाही तोवर त्याचं पाणी देवाला चालत नाही, पितरांनाही नाही. आई वर्ध्याची. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. पण ती नवरी होऊन बीरगावात आली त्याच उन्हाळ्यात पाऱ्याच्या तलावाचं लग्न निघालं आणि शेजारणींनी खांबाला हळद लावायला तिलाच पुढे केलं. तेव्हापासून ही रीत तिची. आमच्यातले मराठी लोक हसायचे. आई म्हणायची, पाणी इथलं पिता तर मग नियम कुठले पाळता?

"बिनलग्नाच्या पाण्यात त्यांचं तर्पण होणार नाही," आई म्हणाली. "मले जावंच लागते."

मला इतकं बरं वाटलं! एका खांबाने माझं काम केलं होतं.

पुढच्या रविवारी पुष्करने फोन तळ्याकडे वळवला. चेहरा अगदी विजयी. "आई, बघ. तो पाण्यातला खांब. मी गावात विचारलं. यांच्याकडेही असंच आहे. खूप जुन्या काळी लग्न लावलं होतं याचं."

काठापासून बराच आत एक जाड खांब उभा होता. आईने कपाळावर हात धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी उन्हात तिला लांबचं दिसत नाही.

"हव का?" ती म्हणाली. "इथंबी?"

"मग! ताई, तू पण बघ." आणि हौसेने त्याने झूम केलं.

खांबाला लोखंडी कडी होती. कडीला दोर. दोराच्या टोकाला निळी नाव. खांबावर नंबर रंगवलेला.

आईसमोर तमाशा नको म्हणून कॉल संपल्यावर त्याला वेगळा फोन लावला.

"नाव बांधायचा खुंटा आहे तो. लाज नाही वाटत?"

"तिले बरं वाटलं ना? मग तुझं काय जाते?"

"तिले तुमची भाषा येत नाही. दुकानदार काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाला, सगळं ती तुह्या तोंडून ऐकते. अन् तू त्याच तोंडाने खोटं बोलून राहिला?"

"तुले आई काहून पाहिजे ते मले माहीत आहे. आयती भाजी मिळते."

"अन् तुले काहून पाहिजे? पोट्टी सांभाळाले! क्लेर ड्यूटीवर, तू ड्यूटीवर, फुकटची आया!"

त्याने फोन ठेवला. दोघंही खरंच बोललो होतो, आणि ते खरं बोलून झाल्यावर बोलायला उरतं काय?

मी आईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, सरळ. "आई, तो खांब लग्नाचा नाही. नाव बांधायचा आहे. तो खोटं बोलला."

"अस्सं," आई म्हणाली. आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने मला फोन केला नाही. पुष्कर सांगायचा, आई त्याच्याशीही कामापुरतंच बोलते. एकटीच तळ्यावर जाते, बाकावर बसून असते. मी मनात तिची बॅग भरायला घेतली. तिच्या खोलीतले पडदे धुतले.

मग एका दुपारी मी सदर बाजारात दुकानात होते. मी तिथे साड्यांच्या काउंटरला आहे. समोर एक बाई सुती साड्या उलगडून बघत होती. फोन वाजला. आई.

फोन नावेच्या टोकाला टेकवलेला, पडद्यावर आई नावेत बसलेली. साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट, डोक्यावर पदर. समोर पुष्कर वल्ही मारून घामाघूम. आईच्या मांडीवर हळदीची वाटी, तांदूळ, आणि मी तिला जाताना दिलेल्या जरीच्या काठाचा एक तुकडा.

"गंधाली, मोकळी हायस का?"

"आई, हे काय चाललंय?"

"लग्न लावून राहिली मी. खांब हायच. लग्न झालं नाही म्हणते ना तू? मग लावते."

"तो नाव बांधायचा आहे!"

"अन् आपला कुठं आभाळातून पडला होता? जंगलातलं झाड होतं ते. हळद लागली मग खांब झाला." ती पुष्करकडे वळली. "याले मी सांगितलं, खोटं बोलला ना, आता वल्हव. जवळ घे रे! कधी चालवली नाही का नाव?"

"नाही, आई," पुष्कर धापा टाकत म्हणाला.

"मंगलाष्टकं तू म्हण," आई मला म्हणाली. "तुले येतात. या गाढवाले एक ओळ येत नाही."

मला कळलं ती काय मागते आहे ते. हे लग्न लागलं की तर्पण तिथे होणार. तर्पण तिथे झालं की परतायचं कारण संपलं. माझ्याच गळ्याने मी आईची पाठवणी करायची होती.

"आणि मी नाही म्हटली तर?"

नाव हलत होती. आईने मांडीवरची वाटी घट्ट धरली.

"तर मी येते परत," ती म्हणाली. "हे पाहाय गंधाली. यानं मले गाव दाखवलं, तू मले खुंटा दाखवला. तुले राहायचं का, हे कोणी विचारलं नाही मले. तर मी सांगते. मले इथं चालता येते. सकाळी उठून एकटी चालते मी. तुह्या बापाच्या रुळावरून. वर्षं झाली, मी कुठं एकटी चालली नव्हती. मले राहायचं हाय. पण तुले टाकून नाही. तू हो म्हण, मग."

काउंटरवरची बाई साडी सोडून फोनकडे बघत होती. "दीदी, किसकी शादी है?"

"तालाब की," मी म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावर काही नवल नाही. "तरिया के बिहाव हे का?" म्हणत ती काउंटरला टेकून नीट उभी राहिली. माझी काउंटरवरची जोडीदारीण साड्यांच्या घड्या करायची थांबली. सेठ गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, कस्टमर खड़ा है," आणि मग तेही बघू लागले.

मी म्हटली मंगलाष्टकं. सदर बाजारात, हॉर्नच्या आवाजात, बसक्या गळ्याने. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरले तर पहिल्याचेच पुन्हा म्हटले. आईने वाकून खांबाला हळद फासली, कडीभोवती जरीचा काठ गुंडाळला. पुष्करने अक्षता टाकल्या. काठावर दोन म्हातारी माणसं थांबून बघत होती. त्यांना काय वाटलं असेल ते वाटू दे. मी सावधान म्हटलं आणि दुकानातल्या बाईने टाळ्या वाजवल्या.

"राहा," मी म्हणाले. मला रडू आलं नाही.

आईने मान हलवली आणि फोन पुष्करकडे दिला. त्याचा चेहरा ओला होता, घामाने की कशाने देव जाणे.

"ताई, थँक्यू."

"थँक्यू ठेव तुह्याजवळ. तिले तिथली भाषा शिकव. क्लासले घाल. दूध आणायले, डॉक्टरकडे, एकटी गेली पाहिजे. तिनं स्वतः विचारलं पाहिजे अन् स्वतः ऐकलं पाहिजे. दिवाळीत मी फोन करीन अन् क्लेरले विचारीन. तिले तुह्या तोंडाने बोलावं लागलं ना, तर मी येते अन् घेऊन जाते."

"हव ताई."

"अन् नाव सांभाळून ने. तिले पोहता येत नाही."

त्याने फोन खिशात टाकला, बंद न करता. मला फक्त अंधार दिसत होता आणि वल्ह्यांचा आवाज येत होता. आई त्याला सांगत होती, डावीकडून, अरे डावीकडून. मी कॉल कापला आणि त्या बाईला विचारलं, जांभळी दाखवू की हिरवी.