विहिरीवरचे कुलूप

मी एक जुने, गंजलेले कुलूप आहे, मित्रांनो. औरंगाबादच्या छावणीमागे ख्रिस्ती वस्ती आहे. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या खिडकीत मी पडून असते.

कमरोद्दीन लोहाराने मला घडवले, त्यानंतर थोड्याच दिवसांत बहात्तरचा दुष्काळ आला. वस्तीची विहीर तळाला गेली. प्रत्येक घराला सारखे पाणी मिळावे म्हणून प्रार्थनामंदिराच्या मंडळीने विहिरीच्या झाकणाला मला लावले आणि किल्ली याकोब गुरुजींकडे दिली. त्यांच्याइतका भला माणूस वस्तीत दुसरा नव्हता. सुरुवातीला ते स्वतःची घागर सगळ्यांच्या शेवटी भरत.

पुढे लोक त्यांना वाकून नमस्कार करू लागले. कुणी अंडी आणून देई. गुरुजींचा आवाज हळूहळू चढला आणि त्यांची घागर पहिली भरू लागली. म्हाताऱ्या चतुराबाईने एकदा प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर त्यांना जाब विचारला. गुरुजी नुसते हसले.

एका दुपारी ती रिकामी घागर घेऊन आली.

"याकोबा, सून बाळंत झालीय रं. एक घागर जास्तीची दे."

"मंडळीसमोर मला बोल लावलास नव्हं? आता कोरडीच जा!" असे म्हणत गुरुजींनी मला खाड्कन बंद केले.

मी लोखंडाचे, तरी हादरले. हाच का तो माणूस? रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले होते, पण एकानेही तोंड उघडले नाही. त्याचा धक्का मला आणखी मोठा बसला.

चतुराबाई रडली नाही. ती म्हणाली, "प्रभूनं शिष्यांचं पाय धुतलं. तू बाळंतिणीला प्यायलाबी देईना."

ती निघून गेली. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या तोंडून काय गेले, ते त्यांना तेव्हा कळले असावे. त्यांनी मला उघडले, घागर भरली आणि भर उन्हात खांद्यावरून तिच्या दारी नेली. तिथे ती काय म्हणाली, ते मला मग रांगेतल्या लोकांच्या बोलण्यातून कळले.

"पाणी घेते. माफबी केलं. पण किल्ली आता एकट्याच्या कमरेला नको."

तेव्हापासून किल्ली घरोघर फिरली. गुरुजी मात्र पुन्हा कधी रांगेत पुढे उभे राहिले नाहीत.

मित्रांनो, माणूस वाईट असता तर मला नवल वाटले नसते. तो चांगला होता, म्हणून अजून धास्ती वाटते. उद्या तुमच्याही हाती एखादी किल्ली येईल. तेव्हा स्वतःच्या चांगुलपणावर विसंबू नका. तोंडावर 'चुकलास' म्हणणारे एक तरी माणूस जवळ ठेवा, आणि ते बोलले म्हणून त्याचे पाणी तोडू नका.