चार पायऱ्यांचे अकरा सेकंद

तिला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची ती मास्तरीण. आणि खरं सांगायचं तर तिला ते मनापासून आवडायचं. इस्पितळांचे कपडे धुणारा तो कारखाना. नऊ इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळी मळकी बोचकी मागच्या दाराने आत यायची आणि पुढच्या दाराने कडक इस्त्री होऊन बाहेर पडायची. मळक्या बोचक्यात काय निघेल याचा नेम नाही. कवळी निघते, चष्मा निघतो, एकदा तर मोबाइल निघाला आणि निवडणाऱ्या बाईच्या हातात वाजायला लागला. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण भीती असते ती सुयांची. घाईत कुणी इंजेक्शनची सुई चादरीतच विसरतं आणि ती इकडे एखादीच्या बोटात घुसते. मग रक्त तपासायचं, पुन्हा तपासायचं, आणि सहा महिने जीव मुठीत धरून बसायचं.

मास्तरणीला हे कुणी सांगायला नको होतं. तिलाच टोचली होती. तेव्हा ती मळक्या विभागात टेबलापाशी उभी राहून कपडे निवडायची. ते सहा महिने तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. शेवटचा रिपोर्ट चांगला आला, पण त्या टेबलाकडे नुसतं जायचं म्हटलं तरी ती दारातूनच मागे फिरायची. त्याच सुमाराला प्रशिक्षणाच्या खोलीतली जागा रिकामी झाली, आणि ही बोलायला चुणचुणीत, म्हणून साहेबांनी तिला तिथे बसवलं. मळक्या विभागात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. सतरा वर्षं तिने ते पाळलंही.

शिकवायची मात्र जीव ओतून. कोपरे धरा, उघडा, पाहा, सोडा. अशा चार पायऱ्या तिने स्वतः बसवल्या होत्या. खोलीत एक टेबल, टेबलावर धुतलेली चादर, चादरीत दडवलेली रबराची सुई. नवीन आलेल्या बाया एकेक करून चादर उघडायच्या, सुई सापडली की खूश व्हायच्या. मग दहा प्रश्नांची परीक्षा. परीक्षेआधी मास्तरीण खिडकीबाहेर बघत म्हणायची, "सातव्याचं उत्तर ब आहे, पण मी काही बोलले नाही हं." सगळ्या पास. शेवटी एक फॉर्म, त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. तो हातात देताना ती सांगायची, भरून झाला की दहा मिनिटं लवकर सुटा. आता सांगा, हसऱ्या चेहऱ्यावर खूण न करायला कुणाला वेड लागलंय? सतरा वर्षांचे हसरे चेहरे तिने फायलींत लावून ठेवले होते. शिकवणाऱ्या माणसांची ही खोडच असते. समोरचा हसला की यांना वाटतं तो शिकला.

मग वरून हुकूम आला. शिकवणाऱ्यांनीही आता शिकायचं. सहा आठवड्यांचा कोर्स, आणि शेवटी प्रत्येकाने आपलं एक प्रशिक्षण निवडून ते कामाच्या जागी खरोखर वापरलं जातं का, याचा अहवाल द्यायचा. जो पास होईल त्याची खोली राहील. जो होणार नाही, त्याला जिथे हात कमी पडतात तिथे पाठवणार. आणि हात कुठे कमी पडतात हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मळक्या विभागात बाई टिकते कुठे?

"तुला कशाला हवाय कोर्स?" घरी वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, आणि मास्तरणीनेच शब्द टाकून त्यांना कारखान्यात लावलं. त्या मळक्या विभागात सरकत्या पट्ट्यावरचे कपडे निवडायला होत्या. अर्थात चार पायऱ्याही तिच्याच खोलीत शिकल्या होत्या. "सतरा वर्षं शिकवतेयस. आता म्हातारपणी पाटी घेऊन बसणार?"

"नाही बसले तर तुमच्या शेजारी येऊन उभी राहीन, वन्सं."

वन्संनी विळी पुढे ओढली. भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाल्या, "मग बस बाई. चांगली बस."

कोर्सवाले सर वयाने तिच्या भाच्याएवढे. आवाज मऊ, कधी कुणाचा पाणउतारा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या फायली मागवल्या, टेबलावर रचल्या आणि शांतपणे विचारलं, "यातून कोण काय शिकलं, हे मला कुणी सांगेल का?" वर्गात कंपनीच्या सगळ्या कारखान्यांतले वीस मास्तर आणि मास्तरणी बसले होते. मास्तरणीला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिला त्या कोर्सची चक्क गोडी लागली. परीक्षेआधी उत्तरं सांगणं तिने बंद केलं. माणूस शिकवलेलं करत नसेल तर त्याला ते येत नाही, करायचं नाही, की जागाच करू देत नाही, हे तीन प्रश्न तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. फॉर्मवरचे चेहरे काढून तिथे स्वतःचा एक प्रश्न घातला. 'आज शिकलेलं कामावर वापराल का?' सरांनी तो वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी ती घरी आली ती तरंगतच.

अहवालासाठी तिने चार पायऱ्याच निवडल्या. तिचं हुकमी पान ते. फक्त त्यासाठी मळक्या विभागात जाणं भाग होतं. सतरा वर्षांनी ती त्या दारातून आत गेली. जुनं टेबल तिथे नव्हतंच. टेबल जाऊन पट्टा आला त्याला बारा वर्षं झाली होती, आणि हे तिला माहीत होतं. कागदावर माहीत होतं. तिने भिंतीपाशी खुर्ची टाकली, वही उघडली आणि मोजायला लागली.

पहिल्या दिवशी तीस चादरींपैकी तीस वेळा चारही पायऱ्या बरोबर. दुसऱ्या दिवशीही तीस. पट्टा मधूनच थांबायचा, तेवढं तिने पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. ती हवेत होती.

"फार खूश होऊ नकोस," वन्सं म्हणाल्या. "तू समोर बसतेस म्हणून बाया नीट वागतात. आम्ही सुपरवायझरला सांगितलंय, पट्टा थांबला तरी दोन दिवस कळ काढ म्हणून."

सरांनीही हेच सांगितलं होतं. लोक तुम्हाला विसरेपर्यंत बसा. मग ती बसली. पाचव्या दिवशी बाया तिला विसरल्या. गप्पा सुरू झाल्या, पट्टा सलग धावायला लागला, आणि तिच्या डोळ्यांदेखत हात बोचक्यांत घुसायला लागले. कोपरे कुणी धरत नव्हतं. चादर मधोमध मुठीत पकडायची, ओढायची आणि फेकायची. तीसपैकी दोन. त्या दोनही नवीन आलेल्या एका बाईच्या, आणि तिला दोन्ही वेळा सुपरवायझरने झापलं. वन्संचा आकडा शून्य होता.

घरी येऊन तिने पिशवी आपटली. "मी काय भिंतीला शिकवलं, वन्सं? टोचली म्हणजे? तुम्हाला तरी कळायला नको?"

वन्संनी गॅस बारीक केला. चिडल्या नाहीत. "उद्या ये आणि माझ्या जागी उभी राहा. दहा मिनिटं. मग बोल."

दुसऱ्या दिवशी तिने दोन हातमोजे एकावर एक चढवले आणि पट्ट्याशी उभी राहिली. पहिली चादर आली. कोपरे धरले, उघडली, पाहिली, सोडली. मान वर केली तो पुढच्या दोन तिच्यासमोरून पुढे निघून गेल्या होत्या. तिसरी धरायला गेली तर चौथी तिच्यावर येऊन पडली. मग ढीगच झाला, घंटा वाजली, पट्टा थांबला आणि बावीस बायका तिच्याकडे पाहायला लागल्या. कुणी हसलं नाही, हेच तिला जास्त लागलं. सुपरवायझर अदबीने म्हणाला, "मॅडम, एकेकीच्या हातून तासाला नऊशे जायला लागतात. चार सेकंदांना एक."

तिने दुपारी खोलीत येऊन दार लावलं, टेबलावर धुतलेली चादर ठेवली आणि घड्याळ लावून स्वतःच्या चार पायऱ्या केल्या. अकरा सेकंद. पुन्हा केल्या. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा जिवाच्या आकांताने केल्या, नऊ. इतक्या वर्षांत चार पायऱ्यांना किती वेळ लागतो हे तिने कधी मोजलंच नव्हतं. ज्या पट्ट्यावर बायकांना पाठवायचं तो पट्टा बारा वर्षांत एकदा जाऊन पाहावा, एवढं साधं काम तिने भीतीपोटी टाळलं होतं. तिने शेकडो बायकांना जे शिकवलं ते तिथे कुणालाच करता येण्यासारखं नव्हतं. ती टेबलावर डोकं टेकून बराच वेळ रडली.

"खोटं लिही," रात्रीच्या जेवणाला वन्संनी सरळ सांगितलं. "पहिल्या दोन दिवसांचं लिही. ते काही खोटंही नाही. विचारायला आलं कुणी तर आम्ही सगळ्या हो म्हणू."

तिने तसा अहवाल लिहिलाही. साठपैकी साठ. सकाळी तो पिशवीत घालून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. वन्सं हातमोजे घालायच्या आधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होत्या, रोज गुंडाळायच्या तशी. हे ती रोज पाहत होती आणि कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, सरांसारखा माणूस खरं वाचेल तर पट्टा हळू होईल. निदान सहा सेकंद, निदान सात. चार पायऱ्यांच्या तीन करता येतील. तिने खरं लिहून दिलं. आकडे, वेळा, सगळं. शेवटी लिहिलं की बायकांना येतं, करायचीही इच्छा आहे, पण जागा करू देत नाही. शिकवून हा प्रश्न सुटणार नाही.

सरांनी तो अहवाल दोनदा वाचला. "इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. वीस जणांत ती पहिली आली. साहेबांच्या हातून प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या झाल्या. वन्संनी घरी गोड केलं.

आठवड्याने साहेबांनी तिला बोलावलं. अहवाल त्यांच्यासमोर होता, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारलेली.

"तुमचं अगदी पटलं," साहेब म्हणाले. "शिकवून सुटणारा प्रश्नच नाही हा."

"मग पट्टा, साहेब?"

"पट्ट्याचा वेग वरून ठरतो. सगळ्या कारखान्यांना एकच. तो माझ्या हातात नाही." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "पण नुसत्या शिकवण्यासाठी एक माणूस आणि एक खोली कशाला अडकवायची, हे वरच्यांनाही पटलं. कायद्याने प्रशिक्षण द्यावं लागतं, ते व्हिडिओवर देऊ. बारा मिनिटांचा. तुम्हीच बोला त्यात, तुमच्यासारखं कुणाला जमणार? आणि नंतर, तुम्हाला माहीतच आहे, हात कुठे कमी पडतात."

तिने सरांना फोन केला. ते फार हळहळले. अहवालात काहीच चूक नव्हती, असं त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांचा दुसऱ्या ठिकाणी नवा वर्ग सुरू होता, आणि तिथे ते तिचाच अहवाल उदाहरण म्हणून शिकवत होते.

व्हिडिओ एका दुपारी झाला. त्यात ती चांगली दिसते. केस नीट विंचरलेले, हातात पांढरीशुभ्र चादर, आवाजात जीव.

आता ती वन्संच्या शेजारी उभी असते. पहिले काही दिवस तिने कोपरे धरायचा हट्ट केला, आणि तिच्या पुढ्यातला ढीग वन्सं दोन्ही हातांनी ओढून घ्यायच्या. नवव्या दिवशी वन्संचं मनगट सुजलं. दहाव्या दिवशी तिने कोपरे सोडले. सुई अडवायला चिकटपट्टी कशी गुंडाळायची ते वन्संनी तिला शिकवलं, पेरावर दोन वेढे, टोकावर तीन. ते शिकायला तिला एक मिनिट लागलं, आणि ते रोज उपयोगी पडतं.

वर्षाची उजळणी आली. बावीस बायकांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि भिंतीवर मास्तरीण बोलायला लागली. कोपरे धरा, उघडा, पाहा, सोडा. बायका डबे उघडून खात होत्या. एकदोघींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डब्यात लक्ष घातलं. मग दहा प्रश्न आले, आणि मागून कुणीतरी हळूच सांगितलं की सातव्याचं ब. शेवटी फॉर्म आला. चेहरे नव्हते. एकच प्रश्न होता, तिनेच घातलेला. 'आज शिकलेलं कामावर वापराल का?'

"हो कर," वन्संनी कोपर मारलं. "लवकर सुटू."

तिने 'हो'वर खूण केली आणि खाली सही केली. घंटा झाली. सगळ्या उठल्या, हातमोजे चढवले, पट्टा सुरू झाला. पहिलं बोचकं आलं, आणि तिने चादर मधोमध मुठीत पकडून ओढली.