अर्ध्यात बंद पाडलेलं गाणं

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो, आणि आता पार वैतागलो आहे. शिरड शहापूरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात माझी हयात गेली. नवा होतो तेव्हा मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवायचे. आता जो तो टपल्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करतो. माझी जाळी चेपली आहे आणि वायरीला जागोजागी चिकटपट्ट्या आहेत.

पण खरा ताप शमुवेलदादांचा. ते आमच्या गाणाऱ्यांचे पुढारी. गाणं कोणतंही असो, त्यांना ओळीओळीला येशूचं नाव हवं, आणि तेही माझ्या जाळीला ओठ लावून, बेंबीच्या देठापासून. तरुणपणी वारंगा फाट्यावर हॉटेलात कामाला असताना लोक हसतील म्हणून त्यांनी आपण येशूला मानतो हे सांगितलं नव्हतं, हेच नाव दडवलं होतं. त्याची भरपाई मी भोगतो आहे.

यंदा नाताळासाठी गाणाऱ्यांत नव्यानं आलेल्या शिलानं स्वतः गाणं रचलं. मंडळीसमोर गायची तिची ही पहिलीच वेळ. गाण्यात कळपातलं एक मेंढरू मागं राहतं आणि धनी त्याच्यासाठी उलट्या पावली काट्याकुट्यांत शिरतो.

“यात नाव कुठं हाय?” दादांनी विचारलं. “नाव घाल, न्हाईतर गाऊ नको.”

“दादा, लेकराला जेवू घालताना माय काय ‘मी माय, मी माय’ म्हणती व्हय?” शिला म्हणाली.

नाताळाच्या संध्याकाळी तिनं गाणं होतं तसंच म्हटलं. किती हळू गायली ती! माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. गाण्यातला धनी काट्यांत शिरला आणि दादांनी खटकन माझं बटण बंद केलं. शिला डोळ्यांत पाणी आणून तशीच उभी राहिली. मला असा संताप आला! पण माइकानं गाऱ्हाणं सांगावं कुणाला?

इतक्यात मेंढपाळ मसाजी दारात आला. शेजारच्या वावरात त्याच्या मेंढ्या बसल्या होत्या आणि बाहेरच्या भोंग्यावर त्यानं सगळं ऐकलं होतं.

“गाणं काहून बंद केलं?” काठी टेकून त्यानं विचारलं. “मेंढरू सापडलं का न्हाई?”

“सापडलं,” शिला म्हणाली. “खांद्यावर घेऊन आला.”

“बरं झालं. कोण व्हता तो माणूस?”

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. मी धास्तावलो, आता पुन्हा आरोळी. पण दादांनी मला हात लावला नाही. ते मसाजीजवळ गेले आणि त्यांनी येशूचं नाव इतक्या हळू सांगितलं, की मला ते जेमतेम ऐकू आलं. मग परत येऊन त्यांनी माझं बटण चालू केलं.

“शिला, पुढचं म्हण,” ते म्हणाले. मसाजी दारातच बसला.

मित्रांनो, मला टपल्या मारू नका, वायर ओढू नका. एवढं नाही जमलं तरी चालेल. पण कुणाचं गाणं चालू असेल, तर ते संपेपर्यंत माझ्या बटणाला हात लावू नका.