पेंदाच्या तुंब्यात राहिलेले नाव

मी एक जुना दुधाचा तुंबा आहे. मित्रांनो, तुमच्याकडे दुधाला चरवी असते, आमच्या नायजर नदीकाठच्या फुलानी गवळ्यांकडे मी असतो. एका झोपडीच्या छपरावर मी वेलीला लागलो, पिकलो, मधोमध चिरला गेलो. गर काढून मला उन्हात वाळवले. मग काजातु नावाच्या लोहारणीने तापल्या सुरीने माझ्या अंगावर गाईची शिंगे कोरली, आणि पेंदाच्या लग्नात मी तिला आहेर म्हणून मिळालो. तिच्या डोक्यावर बसून मी बाजाराला जात असे. दही घेणाऱ्या बायका आधी माझे कौतुक करत आणि मग दह्याचे.

पेंदाला दोन मुलगे झाले. थोरला नुहुन, धाकटा येरो. आमच्यात आई पहिल्या मुलाचे नाव घेत नाही. चारचौघांत त्याला जवळ घेत नाही, माझा म्हणत नाही. ती लाज पाळायची असते, आणि लाज सोडली तर माणूस फुलानी कसला, असे सगळे मानतात. येरोला पेंदा मनसोक्त हाका मारी. नुहुन हवा असला की बोटातल्या अंगठीने माझ्यावर टकटक करी, आणि तो कुठेही असला तरी धावत येई.

लोहारांनी गवळ्यांची थट्टा करायची आणि गवळ्यांनी राग धरायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. काजातु म्हणे, "तुम्हाला कळपातल्या एकूण एक गाईचं नाव पाठ. पोटच्या पोराचं तेवढं विसरता होय गं?" पेंदा हसे आणि तिला दही वाढून देई.

लहानपणी एकदा नुहुनच्या हातून मी पडलो आणि मला तडा गेला. तो रडू लागला. पेंदाने त्याला कुशीत घेतले नाही. मला मात्र उराशी धरून काजातुकडे नेले आणि दोऱ्याने शिवून आणले. पुढे नुहुन दूध पिताना त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसे. मला वाटते, त्याला माझा हेवा वाटत असावा.

मोठा झाल्यावर तो धर्म शिकायला म्हणून लांब गेला आणि बंदूक घेऊन परत आला. उत्तरेच्या वाळवंटात लपून राहणाऱ्या जिहादी पुढाऱ्यांनी त्याला आमच्या नदीकाठचा अमीर नेमले होते, म्हणजे इथल्या शाखेचा म्होरक्या. त्याने नावही बदलले. अबू कोणीतरी झाला. मग गावागावांत हुकूम आले. शाळा बंद, ढोल बंद, बायकांचा बाजार बंद. मी खुंटीवर गेलो. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्या घरांत रडारड झाली. त्याला दूध मी पाजले आहे, तरी त्याची ही करणी मी लपवणार नाही.

पूर ओसरला की आमची गुरे पोहत नदी पार करतात, आणि गुराखी आपल्या गाईंची स्तुती गातात. तेही गाणे बंद झाले होते. येरोने तरी ते गायले. दुसऱ्याच दिवशी काठावर सरकारी सैनिकांचा छापा पडला आणि अमीराची माणसे मेली. गाऊन येरोनेच खूण दिली असे ठरवून त्याला बांधून नेले. खूण कसली, बिचाऱ्याला राहवले नव्हते एवढेच.

पेंदाने मला दुधाने भरले आणि ती येरोला सोडवून आणायला निघाली. काजातु तिला वाटेत म्हणाली, "आज नाव घे बाई. लाजेचं मागून बघू."

चिंचेखाली त्यांची न्यायसभा भरली होती. अमीराच्या शेजारी उत्तरेहून आलेला एक माणूस बसला होता. नवा अमीर आपल्या नातलगांशी किती कडक वागतो, तेच बघायला पुढाऱ्यांनी त्याला धाडले होते. येरो बाजूला बांधलेला होता. नुहुनने आईकडे पाहिले.

"ह्या कैद्याची कोण लागतेस?"

"आई."

"आणि मी तुझा कोण? सगळ्यांसमोर सांग. आईनं मागितलं म्हटल्यावर मला विचार करता येईल."

पेंदाचे ओठ हलले. गावातले सगळे पुरुष बघत होते. जन्मभर जी जीभ दाबून धरली ती आयत्या वेळी कुठून सुटणार? मग तिला जे येत होते तेच तिने केले. अंगठीने माझ्यावर टकटक केली.

नुहुनने ती हाक ओळखली. त्याची मान खाली गेली, हे मी पाहिले.

"म्हातारी काय वाजवतेय?" उत्तरेच्या माणसाने विचारले.

"दूध विकायला आलीय," नुहुन म्हणाला. "जा म्हणावं तिला."

संध्याकाळच्या नमाजाआधी येरोला मारले.

तिने नाव घेतले असते तर येरो वाचला असता का, मला ठाऊक नाही. पेंदा त्या दिवसापासून स्वतःलाच बोल लावते. मला ते पटत नाही. नाव घ्यायची मनाई तिला होती. धाकट्याला भाऊ म्हणायला नुहुनला कोणाची मनाई होती?

पुढच्या उन्हाळ्यात नुहुनही मेला. कोणी म्हणाले सैनिकांनी मारले, कोणी म्हणाले त्याच्याच लोकांनी. रेडिओवर त्यांचे निवेदन आले, की एक अबू गेला आणि त्याच्या जागी दुसरा अबू नेमला आहे. त्याचे खरे नाव त्यात कोणी घेतले नाही.

ते ऐकून पेंदाने मला खुंटीवरून काढले आणि ती अंगणात बसली. आधी तिने टकटक केली. थोडी वाट पाहिली. मग माझ्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "नुहुन."

तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकले. ऐकायला मी एकटाच होतो.

आता माझा जुना तडा टाक्यांपाशी पुन्हा उकलला आहे. काजातु गाव सोडून गेली, त्यामुळे शिवायला कोणी नाही. मित्रांनो, भांड्याला तडा गेला तर वेळीच शिवून घ्या. आणि आपल्या माणसाला हाक मारायची असेल, तर तो वळून बघू शकतो तोवरच मारा. माझ्यासारख्या रिकाम्या तुंब्यात ती ठेवू नका. मला ओ देता येत नाही.