नोंद नाही

ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध घेणाऱ्या त्या कार्यालयात ‘नोंद नाही’ हे उत्तर इतकं नेहमीचं होतं, की तीन वर्षं संगणक जवळजवळ प्रत्येकाला तेच देत होता आणि कुणाला शंका आली नाही.

सिस्टिमवाला डिस्कवरची अडगळ काढायला बसला, तेव्हा त्याला जुन्या नोंदवहीच्या दोन फायली दिसल्या. तीन वर्षांत कुणी उघडल्याच नव्हत्या. त्याने तारखा पुन्हा पाहिल्या.

जुना संगणक मोडीत निघाला तेव्हा सगळा प्रोग्राम त्यानेच दुसऱ्या कंपनीच्या युनिक्स संगणकावर नेला होता. नोंदी ठेवायचं-शोधायचं काम करणारी तयार प्रणाली, डेटाबेसची लायब्ररी, दोन्हीकडे एकाच नावाची. पण जुनी लायब्ररी एक नोंदवही दोन फायलींत ठेवायची. नवी एकाच फायलीत, आणि फायलीच्या नावाला शेपूटही वेगळं लावायची. तशी फाइल दिसली नाही, तर नवी कुरकुर करत नसे. गुपचूप कोरी फाइल बनवून कामाला लागे. इतकं समजूतदार त्या कार्यालयात माणसांतही कुणी नव्हतं. चाचणी म्हणून त्याने स्वतःचंच नाव घातलं, शोधलं, सापडलं. सही ठोकून मोकळा झाला. जुनं एखादं नाव शोधून बघावं, हे काही सुचलं नाही.

आता जुन्या फायली वाचायला त्याला अर्धा तास लागला. आधी आठवली ती धाकट्या भावाला शोधणारी आजी. पहिल्यांदा आली ती संगणक बदलल्यानंतरच्याच महिन्यात. मग दर वर्षी. काउंटरवर बसून तिन्ही वेळा शोध त्यानेच घेतला होता. भावाची नोंद दहा वर्षांपूर्वीची निघाली: धंदा शिंप्याचा, शोध मोठ्या बहिणीचा, पत्ता चार गल्ल्या पलीकडचा.

आजीच्या घरी फोन लेकीने उचलला. आई गेल्या महिन्यात गेली, म्हणाली. काही काम होतं का?

तो चालतच शिंप्याकडे गेला. म्हातारा उसवलेली बाही शिवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, फायलींचंही. कारण सिस्टिमवाल्याला तेवढंच धड सांगता येत होतं.

“म्हणजे ताई तुमच्यासमोर बसली होती?”

“हो. तीनदा.”

“कशी दिसायची हो? केस पिकले होते का?”

सिस्टिमवाल्याने आठवून पाहिलं. तिन्ही वेळा त्याची नजर पडद्यावर होती.

“लेकीचा पत्ता देतो,” तो म्हणाला, आणि खिशात पेन शोधू लागला.